कोणती बंदूक

८ मार्च २०२५

प्रिय कर्टिस,

तू आणि ट्रूडी तिकडे विलिस्टनला बरे असाल. इकडे बर्फ अजून गुडघाभर आहे, कोठाराचं दार रोज खोऱ्यानं मोकळं करावं लागतं. नोव्हेंबरात मी पाडलेल्या हरणाचं सॉसेज तुझ्यासाठी वेगळं काढलंय, फ्रीजरमध्ये जागा अडवून बसलंय बिचारं. ट्रूडीला म्हणावं, नाताळात लेफ्से केल्या, पण आईसारख्या झाल्या नाहीत. बटाट्याची ती पातळ पोळी माझ्या लाटण्याखाली फाटतेच.

परवा मायनॉटच्या शुश्रूषागृहात जाऊन बाबांना भेटून आले. वजन उतरलंय. मला ओळखलं, म्हणजे आधी लीला मावशी समजले, मग ओळखलं. "सॉल्वेग कुठाय?" म्हणाले. मी म्हटलं, "आई चर्चमध्ये गेलीय, बायकांच्या मंडळात." "मग जेवण उशिराच आज," असं म्हणून खिडकीकडे बघत बसले. सुरुवातीला एकदा मी खरं सांगितलं होतं. त्यांनी ती बातमी जन्मात पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली. टाहो फोडला. तेव्हापासून आई चर्चमध्येच असते.

तुझा फोन येऊन आठवडा झाला. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर आपण बोलत नाही, एकमेकांवर ओरडतो. पत्रात तुला मला मधेच तोडता येणार नाही.

तू म्हणालास, "अठरा तारखेला बिस्मार्कला विधानसभेत सुनावणी आहे. कुणा आमदारीणबाईंनी ठराव आणलाय, घटनेतल्या बंदुकीच्या हक्काचा फेरविचार व्हावा म्हणून. पास कसला होतोय! पण तो तोंडावर आपटायला हवा. आमच्या बंदूकधारकांच्या संघटनेनं मला बोलायला सांगितलंय. ज्याची आई गोळीनं गेली तोच म्हणतोय की हक्काला हात लावू नका, तर त्याला वजन येतं. तू नुसती माझ्या शेजारी बस." आणि मग आवाज खाली आणून म्हणालास, "घरच्यांच्या नजरेतून एक बंदूक सुटली, एवढंच सांगेन. तुझं नाव घेणार नाही."

हे "नाव घेणार नाही" मला आठवडाभर खातंय.

मी बंदुकीच्या विरोधातली बाई नाही, हे तुला सांगायला नको. बाबांनी मला तुझ्या आधी नेम धरायला शिकवलं. तू फेझंट पक्ष्यांच्या मागे धावून दमायचास आणि मी पाडायचे. आजही माझ्या कपाटात दोन रायफली आहेत. त्या मला कुणी येऊन उचलून नेलेल्या चालणार नाहीत. म्हणून तर मला हे लिहिणं जड जातंय. बिस्मार्कला तुझ्यासमोर कुणी शहरातली शिकली-सवरलेली बाई बसली असती तर तुला सोपं गेलं असतं.

आठवतं, बाबांचं डोकं फिरायला लागलं तेव्हा पहिल्यांदा काय झालं? कोणीतरी घरात येऊन त्यांच्या वस्तू हलवतं, असं त्यांच्या मनानं घेतलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला की चोरानं ठेवला. मग ते रायफल मांडीवर घेऊन पडवीत बसायला लागले. आई अंगणातून गाणं म्हणत यायची, मोठ्यानं, म्हणजे त्यांना कळावं कोण येतंय ते. ती गाते एवढं तुला सांगितलं होतं तिनं. का गाते ते नाही.

मी शेरीफकडे गेले. डुएन आपल्या शाळेतलाच, त्यानं मला कॉफी दिली. म्हणाला, "मार्लिस, अर्व्हिडकाकांनी अजून काही केलेलं नाही. माणूस विसरभोळा झाला म्हणून त्याचा हक्क जात नाही. त्यांच्या हातून काही घडल्याशिवाय मी एक काडतूससुद्धा उचलू शकत नाही."

"घडल्यावर उचलशील?" मी विचारलं.

"घडल्यावर उचलीन," तो म्हणाला. स्वतःचे शब्द ऐकून त्यानं मान खाली घातली.

मग आई बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली तेव्हा मी गाडी लावली आणि घरातलं सगळं उचलून माझ्याकडे आणलं. कपाट, कोठार, पलंगाखाली, ट्रकच्या सीटमागे, सगळं. काडतुसंही. कर्टिस, मी त्या घरात वाढलेय. बाबा कुठे काय ठेवतात ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

बाबांनी त्यानंतर आठवडाभर दाढी केली नाही. तू फोनवर मला चोर म्हणालास. "ज्यानं देशासाठी व्हिएतनाममध्ये रक्त सांडलं त्याच्या हातातली बंदूक तू काढून घेतलीस? घटनेनं दिलेला हक्क पोरीनं काढून घ्यायचा?" मी म्हटलं, घटना लिहिणाऱ्यांनी बाबांना बघितलं नव्हतं. तू फोन आपटलास.

त्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला तू आलास. तुम्ही दोघं फेझंट मारायला गेलात. परत आलात तेव्हा बाबांनी दाढी केलेली होती. जेवताना हसले. आईनं तुझ्या ताटात दुसऱ्यांदा टर्कीचा पाय वाढला. मला वाटलं, मुलगा भेटला म्हणून.

त्या नाताळात आई मला म्हणाली, "तो आता शांत झोपतो. कशानं, ते विचारू नकोस." मी विचारलं नाही. आपल्या घरात कुणी कधी विचारलंय?

जानेवारीतली ती सकाळ तुला कागदावरच्या हकिगतीइतकीच माहीत आहे. उजेड लख्ख होता, हे त्यात नाही. आईचा कोट आदल्या दिवशी भिजला होता, म्हणून ती बाबांचा कोट चढवून, टोपी ओढून कोंबड्यांना बघायला गेली. थंडी इतकी की तोंडावर मफलर. गाणं म्हणता आलं नसेल. बाबा डुएनच्या डेप्युटीला म्हणाले, "चोरानं माझा कोट घातला होता." आणि मग, "सॉल्वेगला उठवू नका, ती घाबरेल."

डेप्युटीच्या आधी मी पोहोचले होते. बंदूक स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. आजोबांची. घोड्याच्या पायाखाली दस्ता तडकला होता आणि आजोबांनी तांब्याच्या तारेनं गुंडाळला होता, ती. आजोबांनी मरताना नाव घेऊन कुणाला दिली होती ती? वीस वर्षं विलिस्टनला कुणाच्या भिंतीवर होती?

काडतुसांचं खोकं नवीन होतं. गावातल्या दुकानातून बाबांनी स्वतः घेतलेलं. दुकानदारानं तरी का नाही द्यायचं? गिऱ्हाईक जुनं, हक्क शाबूत.

डेप्युटीनं विचारलं, "सगळ्या बंदुका तुम्ही नेल्या होत्या ना?" मी म्हटलं, "एक सुटली असेल." तुझ्यासाठी नाही म्हटलं. आई अजून अंगणात होती. त्या क्षणी मला उरलेला भाऊ घालवायचा नव्हता, एवढंच.

तू दफनाला आलास. शवपेटीला खांदा दिलास. त्यानंतर चौदा महिन्यांत तू मला सगळं विचारलंस. तिला त्रास झाला का, कोंबड्या कुणाला दिल्या, तिची अंगठी कुणाकडे आहे. एक गोष्ट तू कधीच विचारली नाहीस. कोणती बंदूक? आई ज्या बंदुकीनं गेली ती कोणती, हे पोटच्या मुलानं विचारू नये? न विचारण्यातच उत्तर होतं. मीही त्यात तुझ्याबरोबर गप्प बसले.

तू ती का दिलीस ते मला कळतं. बाबा तुझ्यापुढे रडले असतील. पिसं उपटलेल्या कोंबड्यासारखं वाटतं म्हणाले असतील, मलाही म्हणायचे. मी तुला फासावर चढवायला निघालेली नाही. पण तुझ्या भाषणात मी "नजरेतून सुटलेली बंदूक" होऊन बसणार नाही.

मी बिस्मार्कला येणार आहे. ठरावाच्या बाजूनं बोलायला. त्या बाईंना मी कळवलंय. मी एवढंच म्हणणार आहे, की हे पुन्हा उघडून वाचायची वेळ आलीय. सगळ्यांच्या बंदुका घ्या असं नाही. पण जो हक्क डुएनचे हात बांधतो आणि बाबांचे मोकळे ठेवतो, त्यावर निदान बोला तरी. बोलायलाच मनाई असेल तर ती घटना कसली, तो देव्हारा झाला.

कुणी विचारलं की ती बंदूक कुठून आली, तर या वेळी मी खोटं बोलणार नाही. हे तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

रस्ते निसरडे आहेत, सावकाश गाडी चालव.

तुझी बहीण, जिनं तुला चालायला शिकवलं,
मार्लिस


२१ मार्च २०२५

मार्लिस,

पत्र पोहोचलं होतं. ट्रूडीला दाखवलं नाही. फाडायला घेतलं होतं, तेही झालं नाही.

तू बघितलंसच, मी तरीही बोललो. लिहून आणलेलं वाचलं. "एक बंदूक नजरेतून सुटली" इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य दिसेना. लोकांना वाटलं आईच्या आठवणीनं थांबलो. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या अजून कानात आहेत.

मग तू बोललीस. त्या टक्कल पडलेल्या आमदारानं तुला विचारलं, "बाई, सगळ्या बंदुका तुम्ही नेल्या होत्या, मग ही घरात आली कुठून?" तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघितलंस! शेवटी म्हणालीस, "याचं उत्तर द्यायचं काम माझं नाही." खोटं बोलली नाहीस आणि माझं नावही घेतलं नाहीस. मला फक्त उभं राहायचं होतं. माझे गुडघे हलले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "पुढचे वक्ते." ठराव पडला, एकही मत मिळालं नाही त्या बाईला. आमची माणसं माझ्या पाठीवर थापा मारत होती. मी मागच्या दारानं निघालो. तू पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभी होतीस, ते आरशात दिसलं. थांबलो नाही.

हक्काबद्दल तू चुकतेस असं मला अजून वाटतं. आज आजाऱ्याचा काढाल, उद्या सरकार ज्याला आजारी म्हणेल त्याचा काढाल. यावर आपण मरेपर्यंत भांडू. पण डुएननं बंदुका घेतल्या नाहीत, तू घेतल्यास, आणि मी एक नेऊन दिली, हे मला घटनेनं सांगितलं नव्हतं. बाबा ट्रकमध्ये रडले. मला ते बघवेना. एवढंच कारण होतं. त्याला मी नंतर हक्क हे नाव दिलं.

बिस्मार्कहून थेट मायनॉटला गेलो. बाबा उन्हात बसले होते. मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलो, सभेत जे हलले नाहीत त्याच गुडघ्यांवर, आणि म्हटलं, "बाबा, आजोबांची बंदूक तुम्हाला मी दिली होती. थँक्सगिव्हिंगला. मार्लिसकडून नाही राहिली, मी दिली."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता मारतील. मारावं असंही वाटलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खुशीत म्हणाले, "बरं केलंस पोरा. बाईमाणूस घरात एकटं असतं. भरून ठेवलीयस ना?"



सोमवारी डुएनकडे जातोय. त्याच्या कागदात जे खोटं तुझ्या नावावर आहे ते खोडायला. तू येऊ नकोस.

माझ्या सहीच्या आधी "तुझा" लिहावं की नाही, ते तू ठरव.

कर्टिस