सगळा दवाखाना आजारी पडला तो दिवस

लाडके भिंगरे,

फोनवर आपण हवापाणी विचारतो आणि ठेवून देतो, म्हणून हे पत्र. आधी गंमत ऐक. आमच्या एक्स-रे विभागात छातीचे फोटो वाचणारा संगणकाचा प्रोग्राम आलाय. संशय आला की फोटोवर लाल चौकट काढतो. तीस वर्षं फोटो काढणाऱ्या मला त्याचा रागच आला होता. त्यात आम्हा कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी निघाली. मोठं मशीन बंद होतं, म्हणून सगळ्यांचे फोटो चाकांवरच्या मशीनने काढले, आणि पठ्ठ्याने अकराच्या अकरा जणांना न्यूमोनिया ठरवून टाकला! पेशंटला एकटीने उचलणाऱ्या आमच्या हेडसिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मला न्यूमोनिया? याच्या बापाला असेल!"

मोठे डॉक्टर म्हणाले, हे खूळ परत पाठवा. प्रोग्राम बनवणारी मुलगी, तुझ्याच वयाची, पडलेल्या चेहऱ्याने वायरी गुंडाळायला लागली. मला राहवेना. चाकांवरचं मशीन आम्ही खाटेला खिळलेल्यांकडेच नेतो, आणि त्याच्या फोटोत कोपऱ्यात एक खूण उमटते. तिला म्हटलं, अगं, हा आमच्याच जुन्या फोटोंवर शिकलाय ना, मग हा छाती बघतच नाहीये, खूण बघून माणूस आजारी ठरवतोय. ती झाकून बघ. तिने झाकली, आणि नऊ जण जागच्या जागी बरे झाले!

उरलेले दोघेही ठणठणीत होते, तरी त्यांची चौकट जाईना; ती चूक काढायला आम्ही चार महिने खपलो. मी जुने फोटो शोधून द्यायचे, डॉक्टर निदान सांगायचे, ती त्याला नव्याने शिकवायची. गेल्या महिन्यात एका बस ड्रायव्हरच्या फोटोवर चौकट आली. आमच्या सगळ्यांच्या नजरेतून निसटलेला, नखाएवढा डाग, न्यूमोनियाची सुरुवात. त्याच दिवशी औषधं सुरू झाली. काल तो जिना चढून आभार मानायला आला, तर हेडसिस्टरच रडल्या.

ती मुलगी हातातला चहा गार करत संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसायची, आणि मला तू दिसायचीस. तू डॉक्टरकी अर्ध्यावर सोडलीस तेव्हा मी म्हणाले होते, माणसं सोडून खोकी कुरवाळायला निघालीस. त्यानंतर तीन वर्षांत तू काय बनवतेस, हे एकदाही विचारलं नाही. चुकलं माझं. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहिलं. शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतेय. तुझ्या टेबलाशी एक खुर्ची जास्तीची ठेव, आणि मला सगळं पहिल्यापासून सांग. नाही कळलं तर पुन्हा विचारेन, वैतागू नकोस.

तुझीच,
हट्टी आई