साहेबाचं रडणं

नेर, ता. ९ जाने. ५८
आज पुन्हा साहेबाचंच काम. इंग्रज देश सोडून गेले, त्यांचा मार मात्र आमच्या नाटक कंपनीत अजून मीच खातो. आज प्रेक्षकांतून चप्पल आली, थेट कानावर. मालक खूश. "टुम काला आडमी" म्हणताना जीभ मुद्दाम वाकडी करावी लागते. जन्म माझा बोरी अरबचा, माय तिथलीच. बाप स्कॉटलंडचा, कापसाच्या जिनिंगमधला इंजिनिअर. मी रांगत होतो तेव्हाच बोटीत बसून गेला. रंग आणि घारे डोळे देऊन गेला, मेला. त्यावरच पोट चाललंय.

ता. १२
नाटकातल्या बापाचं काम करणारे नाना तापाने पडले. मला त्यांचं सगळं पाठ. मालकाकडे गेलो.
"तू? लोकं हासतीन."
"काळं फासतो तोंडाले."
"अन् डोयाले काय फासशीन?"
दुसरं कोणी नाही, म्हणून तयार झाले. मायला निरोप धाडला: बोरीच्या खेळाला ये, यंदा मला मारत नाहीत.

बोरी अरब, ता. १५
पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात लेकीची पाठवणी. मी खरंच रडलो, फासलेलं काळं ओघळलं. "बाई, कोणी काही म्हनलं तं वापस येजो..." हे नाटकात नाही, आपोआप आलं. पुढून कोणीतरी ओरडला,
"अबे, साहेब वऱ्हाडीत रडून राह्यला!"
सगळा तंबू खो खो. लेकीचं काम करणारा गणपतसुद्धा घुंगटात हसत होता. बायकांत माय दिसली. तिच्याही तोंडाला पदर.
हरामखोर सगळे. तीसुद्धा.

ता. १६
मालकाने सकाळीच फळा रंगवला: 'रडणारा साहेब'. आता टोपी-बूट घालून रोज असंच रडायचं, लोकांनी हसायचं. बापाचं काम पुन्हा नाही. "जमत नसन तं रस्ता मोकया आहे. कंपनीची मोटार निघाच्या आंधी सांग."
मायकडे जेवायला गेलो. विचारलंच, "तू काहून हासली?"
"हासली नाही, बाबू. तुहा बाप गेला तवा त्याच्या डोयात टिपूस नव्हता. काल तुह्यात पाह्यलं, रडताना कसा दिसला असता थो."
ताटात भाकर वाढली. मग खाली बघत म्हणाली, "अजून एकडाव रडून दाखव ना."
मालकाचा माणूस दारात हाका मारतोय.