पांढरा

न्यू लिन, ऑकलंड
१३ जुलै २०२५

ती. आईंना,
मुग्धाचा वाकून नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी बरी आहे. फोन केला की तुम्ही स्पीकर लावता, आणि व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की विमलवन्सं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात. हे फक्त तुमच्यासाठी आहे. भिंग घ्या आणि सावकाश वाचा.

गुडघे कसे आहेत? इथे ऐन थंडी, त्यात आठवडाभर पाऊस. हॉस्पिटलच्या फार्मसीत माणसं कमी, त्यामुळे घरी आले की नुसतं पडून राहावंसं वाटतं. निवेदिता नर्स आहे, तिच्याच घरात मी एक खोली घेतली आहे. भाजी कधी ती करते, कधी मी. तिची इरा सात वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. परवा तिला सांगत होते की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि ती गार पडू नयेत म्हणून मुद्दाम अंग थरथरवते. पोरगी डोळे मोठे करून म्हणाली, "ट्रू स्टोरी?" म्हटलं, अगदी खरी. या देशात साप नाहीत, प्राणिसंग्रहालयातसुद्धा नाहीत. तिने कधी बघितलेलाच नाही.

त्यामुळे सांगलीत काय बोललं जात असेल ते मला कळतं. आशालताबाईंची सून सापांना भिऊन नवऱ्याला ब्रिस्बेनला टाकून पळाली, आणि पळाली तीही साप नसलेल्या देशात. तुम्हीही परवा म्हणालात, "श्रीनाथ साप पाळणं सोडायला तयार आहे गं, आता तरी ये."

आई, मला सापांची भीती कधीच वाटली नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षीच श्रीनाथने एक माझ्या मनगटावर ठेवला होता. कार्पेट पायथन म्हणतात त्यांना. आपल्या अजगराचेच भाऊबंद, पण सडपातळ. शनिवार-रविवार आम्ही दोघं त्यांचे डबे धुवायचो. कुठल्या नराशी कुठली मादी लावली तर पिल्लांवर कसा रंग उतरेल, कशी नक्षी येईल, यावर आमच्या पैजा लागायच्या. ऑफिसात कुणाशी दोन शब्द न बोलणारा तुमचा मुलगा त्या खोलीत तासन्‌तास बोलायचा. ती आमची चांगली वर्षं होती. तेव्हा त्याला साप सोडायला लावू नका. मी ते मागितलेलं नाही.

दर फोनला तुम्ही विचारता, "पांढरा कसा आहे?" आणि मी "त्यालाच विचारा" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

त्याच्याकडे सोनेरी रंगाची एक जात आहे, जॅग म्हणतात तिला. दिसायला फार देखणी, पण त्यातल्या काहींची मान हलत राहते, डोकं भलतीकडे वळतं. अशा दोन जॅगची एकमेकांशी जोडी लावली तर काही पिल्लं शुभ्र निघतात, एकही ठिपका नसलेली. आणि ती जगत नाहीत. बहुतेक अंड्यातच जातात. हे सगळ्या पाळणाऱ्यांना माहीत असतं. श्रीनाथलाही माहीत होतं. तरी त्याने जोडी लावली. म्हणाला, "एखादं जगेल गं. कुणाकडेच नाही असं."

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास अंडी फुटली. दोन पांढरी आतच मेलेली होती. तिसरं हललं. त्याने तिथूनच तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही फोनच्या काचेला हळदकुंकू लावलंत आणि म्हणालात, "पांढरा नाग घरात आला. आता पाळणा हलणार बघ." मी त्याच्या मागेच उभी होते. डॉक्टरांकडच्या फेऱ्या आम्ही दोघांनी त्याच्या आधीच थांबवल्या होत्या. हे त्याने तुम्हाला सांगितलं नसणार. तेव्हाही सांगितलं नाही, हसला फक्त.

आई, त्या पिल्लाला श्वास घेता येत नव्हता. तोंड उघडं टाकून ते डोकं मागे मागे टाकायचं, मग उलटं व्हायचं आणि सरळ होता येत नाही म्हणून तसंच पडून राहायचं. मी सरळ केलं की पुन्हा तेच. मी म्हटलं, "व्हेटकडे नेऊ या. इंजेक्शन देऊन सोडवू या त्याला."

"थांब ना. सावरेल."

"श्रीनाथ, त्याचे हाल होताहेत. तुला दिसत नाही?"

तो माझ्यावर ओरडला, लग्नानंतर पहिल्यांदाच. "आणि आईला काय सांगू? ती रोज विचारतेय!"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डबा घेऊन गाडीत बसले, तर त्याने किल्ली काढून घेतली. पिल्लू आठवडाभर तसंच होतं. मग गेलं. त्याने ते लिंबाच्या झाडाखाली पुरलं, घरात आला, हात धुतले आणि तुम्हाला फोन लावून म्हणाला, "मस्त आहे आई, वाढतोय." देवघरात तुम्ही ठेवलेला फोटो दुसऱ्याच सापाचा आहे. नीट बघा, तो पिवळसर आहे.

त्या फोनच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. वाटलं, हा माणूस उद्या माझ्याबद्दलही असंच सांगेल. मी मेले तरी "मस्त आहे" म्हणेल. तसंच झालं. मी इथे आल्यावर दोन महिने तो तुम्हाला सांगत होता की मुग्धा ड्यूटीवर गेली आहे.

तो वाईट नाही. वाईट बातमी त्याच्या तोंडून निघतच नाही, आणि तुमच्यासमोर तर मुळीच नाही. पण आता थंडी आहे, तिकडे जोड्या लावायचे दिवस. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: पुन्हा तीच जोडी लावतोय, या खेपेला जगेल, आईला इथे आणून दाखवायचाय. मी "नको" लिहिलं. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल, कारण हे सगळं तुमच्याचसाठी चाललंय असं त्याला वाटतं.

एवढं कराल? त्याला सांगा, मला पांढरा नको.

आणि मी परत येणार नाही, आई. हे त्याला सांगून झालंय. तुम्हाला तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. रागाने नाही. फार दमले आहे.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुम्हाला दुखवून, तरीही तुमचीच,
मुग्धा

*

सांगली
२ ऑगस्ट २०२५

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. विमलच्या हाती लागू दिलं नाही. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

चार दिवस काही सुचलं नाही. तुझा रागही आला, खोटं का बोलू. मग नागपंचमीला पाटावर नाग काढायला बसले आणि हातच चालेना. तसाच पाट बाजूला ठेवला आणि श्रीनाथला फोन लावला. विचारलं, "पांढरा कधी गेला रे?"

मग म्हणाला, "मुग्धानं सांगितलं?"

म्हटलं, "कुणी का सांगेना. कधी गेला?"

तेव्हा रडला. त्याचे वडील गेले तेव्हासुद्धा तो रडला नव्हता. माझ्यासमोर रडायचं नाही असं तेव्हाच कधीतरी ठरवलं असेल त्यानं. मी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "ती जोडी लावू नकोस. मला तुझ्याकडून दाखवायला काही नको. तुला बरं नसेल तर बरं नाही म्हण, तेवढं मला पुरे." नर शंतनू नावाच्या मित्राला देऊन टाकतो म्हणाला. देईल, असं वाटतं. आवाज खरा होता.

पाळण्याचं मी बोलायला नको होतं. डॉक्टरचं माहीत नव्हतं, पण विचारायचं तरी होतं.

परत ये म्हणणार नाही. दमलेल्या माणसाला आणखी चालायला लावू नये. पण फोन करत जा. स्पीकर बंद करायला शेजारच्या मुलीकडून शिकले आहे.

तू त्याची कुणी राहा न राहा,
तुझी आई
आशालता