अखंड दांडा, सुटी चाकं आणि आईचं ताट

पवनी,
नागपंचमीनंतरचा सोमवार

आदरणीय मोठे साडूसाहेब गोपाळराव यांना पवनीहून केशवचा नमस्कार (रागावलेल्या माणसाने करावा तेवढाच वाकून). आपली तब्येत ठणठणीत असेलच. लाखनीला महामार्गाच्या कडेला स्पेअर पार्टचं दुकान असलं आणि समोरचा रस्ता बारमाही फुटलेला असला, की माणसाची तब्येत बिघडायचं कारण उरत नाही. ताईंचा गुडघा कसा आहे? शोभा बहिणीची रोज चौकशी करते. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही समोरचा जे बोलेल त्याला हो म्हणता, आणि आमच्या घराचा विचका झाला तो त्या होकारांनीच.

आठवत नसेल तर आठवण देतो. गावोगावचा धान राइस मिलवर पोचवायला आम्हा दोघा भावांना एक छोटा ट्रक घ्यायचा होता. कोणता घ्यावा, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, अखंड दांड्याचा घ्या. पुढची दोन्ही चाकं एकाच एक्सलला बांधलेली, खाली पोलादी पाटे, कितीही लादा, मोडला तर रस्त्यावरचा कोणताही लोहार नीट करून देईल. मला हे मनापासून पटलं. (मी मोठा भाऊ आहे. एक चाक खड्ड्यात गेलं तर हादरा दुसऱ्यालाही बसला पाहिजे, या मताचा मी पहिल्यापासून आहे.) त्याच संध्याकाळी धर्मेंद्रने तुम्हाला फोन केला, आणि माझ्या त्या धाकट्या भावाला तुम्ही सांगितलंत की सुट्या चाकांचा घे. पुढचं प्रत्येक चाक आपल्यापुरतं वर-खाली होतं, शेजारच्याला पत्ता लागत नाही, स्टेअरिंग हलकं, हाताला झटके नाहीत. तुम्ही म्हणाल, दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. असतील हो! पण माणूस साडूकडे खरं ऐकायला येतो की भांडण जिंकायला, एवढा विचार दुकानदाराने करायला नको?

मग काय, जन्मात कधी गाडीखाली न वाकलेले आम्ही दोघे भाऊ एका रात्रीत इंजिनियर झालो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हासुद्धा आमच्या घरी इतका काथ्याकूट झाला नव्हता. ताटातला भात निवायचा आणि आम्ही बोटांनी वरणात एक्सल काढून दाखवायचो. धर्मेंद्रची बायको अपेक्षा एकदा म्हणाली की हात गाडी चालवणाऱ्याचे दुखतात, बोलणाऱ्याचे नाही. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं (मोठ्या दिराला एवढी सोय असते). शेवटी आईने पानाचा डबा जोरात बंद केला आणि निकाल दिला, "ट्रक एक येईन तं चूल एक राहीन. दोन आणान तं चुली दोन मांडा. मंग मले कोणाकडं जेवाचं आहे, ते मी पोळ्याच्या दिवशी सांगीन." गोपाळराव, त्या दिवसापासून मी जेवताना आईच्या ताटाकडेच बघतो. बाबा गेल्यापासून आई माझ्या शेजारी पाट मांडून जेवते. माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे मला कळायच्या आत तिला कळतं. ते ताट शेजारून उठलं तर ट्रक घेऊन काय करायचं आहे?

आता चाचणीचं ऐका. आमच्या बाबांचा नियम होता की बैलजोडी बाजारात पाहून घ्यायची नाही. धानाची रोपं रोवण्यासाठी चिखल केलेल्या बांधीत जुंपून एक फेरा मारायचा, मगच सौदा. आई म्हणाली, ट्रकलाही तोच नियम. ट्रक हा बैल नव्हे, हे दोन इंजिनियरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट ट्रकला वाट व्हावी म्हणून बांधीच्या कडेचा मातीचा धुरा मीच कुदळीने फोडला. भंडाऱ्याहून एजन्सीचा भूषण नावाचा पोरगेला सेल्समन दोन्ही नमुने घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "आजी, हे गाडी रस्त्यासाठी आहे जी." आईने विचारलं, "आमच्याकडं रस्ता कुठी आहे?" यावर त्याने माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. पहिला अखंड दांड्याचा उतरला आणि म्हशीसारखा बसला. धर्मेंद्रने टाळ्या पिटल्या आणि आपला सुट्या चाकांचा स्वतः हाकला. तो थोडा पुढे जाऊन बसला (किती पुढे, हे तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात पसरून दाखवतो). दोन्ही ट्रक पोटापर्यंत चिखलात. ज्या दांड्यापायी आम्ही भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हतो, तो दांडाच चिखलाखाली. कोणाचा अखंड आणि कोणाची चाकं सुटी, देवालाही सांगता आलं नसतं. रोवणा करणाऱ्या बाया हातात रोपांचे पऱ्हे धरून हसत उभ्या. शेवटी शेजारच्या सुखरामने आपले दोन हल्ले, चांगले दांडगे रेडे, जुंपून ट्रक ओढून काढले आणि जाता जाता म्हणाला, "हल्लेच घ्या ना जी पाटील! पाय चारही सुटे, अन् अंग अखंड." भूषणचा एक बूट बांधीतच राहिला. त्याच्यावर आता रोवणा झाला आहे.

एवढं होऊन निकाल काहीच लागला नाही. आईने पाय धुतले आणि घरात गेली. मी थोरलेपणाचा मान राखून दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला गेलो आणि कोणाला न विचारता अखंड दांड्याचा ट्रक नक्की करून आलो. परतताना कारध्याच्या पुलावर समोरून धर्मेंद्र मोटरसायकलने भंडाऱ्याकडे जाताना दिसला. त्याने मान खाली घातली, मी वैनगंगेकडे पाहिलं. आता अंगणात दोन ट्रक आहेत आणि मागच्या पडवीत अपेक्षाची वेगळी चूल आहे. दोन्ही ट्रक अर्धे रिकामे धावतात. पण आई माझ्याकडेच जेवणार, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मी थोरला, माझा ट्रक मजबूत, आणि शोभाच्या हातचं वरण तिला आवडतं. धर्मेंद्रच्या त्या सुट्या चाकांच्या रबरी बुशा वर्षभरात खुळखुळतील आणि तो नव्या घ्यायला तुमच्याच दुकानात येईल. हे तुम्ही सल्ला देतानाच पाहून ठेवलं असेल, म्हणून तुमच्या दूरदृष्टीला पुन्हा एकदा नमस्कार. ताईंनाही नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला, आपल्याच कृपेने दोन चुलींचा झालेला धाकटा साडू,
केशव

ता. क. – पोळ्याला ताईंना घेऊन या. कोणत्या चुलीवर जेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही दोन्हीकडे जेवाल, याची खात्री आहे.

ता. क. दुसरा – वरचं सगळं खरं आहे, पण त्यावर जाऊ नका. मागच्या आठवड्यात मी आईला माझ्या ट्रकमधून अड्याळला मावशीकडे नेलं. येताना ती धर्मेंद्रच्या ट्रकमधून आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, पोळ्याला काय ठरवलंस? ती म्हणाली, "तुह्या गाडीत बसलं का देव आठवते रे बाबू. त्याच्या गाडीत डोळा लागते." दांडा, पाटे, लोहार, सगळं आम्ही चर्चेत घेतलं होतं. आईला कंबर आहे, हे मात्र आम्हा कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तेव्हा हात जोडून विनंती, की माझ्या ट्रकला गुपचूप गिऱ्हाईक बघा आणि सुट्या चाकांचा एक मला पोळ्याच्या आत मिळवून द्या.

ता. क. तिसरा – रंग मात्र धर्मेंद्रच्या गाडीचा नको. लोक म्हणतील, थोरल्याने धाकट्याची नक्कल केली.