नमुन्याची खोली

२ ऑगस्ट
पोचले एकदाची! विद्यापीठ म्हणजे नुसता चकचकाट आहे. जिन्याच्या कठड्याला हात लावायचीसुद्धा चोरी, बोटांचे ठसे उमटतील असं वाटतं. वसतिगृह मात्र भरलेलं निघालं. माझं तोंड एवढंसं झालं, तशी तिथल्या रेक्टरबाई म्हणाल्या, नव्या मुलांच्या पालकांना दाखवायला तळमजल्यावर एक नमुन्याची खोली सजवून ठेवली आहे, दुसरी मिळेपर्यंत तिथे राहा. पलंग, टेबल, मोठी खिडकी, भिंतीवर कुणाच्या तरी हसऱ्या कुटुंबाचा फोटो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, नमुन्याला नमुन्याची खोली मिळाली! आई लोकांचे कपडे शिवते. बोलताबोलता मशीन चालूच होतं, ती खडखड ऐकून जरा रडू आलं.
इथे एक सुख आहे. घरी धाकटी ठकी माझी रोजनिशी चोरून वाचते, म्हणून वही पिठाच्या डब्यामागे लपवावी लागायची. इथे टेबलावर खुशाल उघडी टाकता येते.

६ ऑगस्ट
आज पहिले पालक आले. रेक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, पाहुणे आले की टेबलाशी बसून लिहीत राहायचं, चेहरा हसरा ठेवायचा आणि बोलायचं नाही. माझी टकळी बंद म्हणजे शिक्षाच की! एका आजोबांनी गादी दाबून पाहिली. एका काकूंनी सरळ माझं कपाट उघडलं. मी लिहिण्याचं सोंग करत वहीच्या शेवटच्या पानावर खरोखरच लिहिलं, काकू, ते माझे कपडे आहेत. हसू आवरता आवरेना. रेक्टरबाई माझ्यावर जाम खूश आहेत.

१९ ऑगस्ट
पाहुणे रोज येतात, त्यामुळे तास बुडतात. रेक्टरबाई म्हणतात, हजेरी लागते आहे, काळजी करू नकोस. घरून आणलेली चादर गायब झाली, तिच्या जागी निळी आली. माझ्या चपलाही गेल्या. त्यांच्या जागी नवेकोरे बूट ठेवलेत, पण पाय आत जात नाही. आतून भरीव आहेत. दुसऱ्या खोलीचं विचारलं, तर रेक्टरबाईंनी माझी वेणी खांद्यावरून नीट पुढे घेतली आणि निघून गेल्या.

२७ ऑगस्ट
आज सगळं झुगारून वर्गात गेले, अनवाणी. बाकावर बसले, तर एका मुलीने माझ्या मांडीवर दप्तर ठेवलं आणि मैत्रिणीशी बोलायला वळली. मी ओरडले. कुणी बघितलं नाही. सर शिकवतच राहिले.
धावत खोलीत परत आले. पाठोपाठ पाहुणे आले आणि म्हणाले, किती गोड मुलगी आहे! म्हणजे मी फक्त इथेच दिसते. मला फार भीती वाटते आहे.

३ सप्टेंबर
आईला फोन लावला. मला घरी ने, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, इथे मस्त चाललंय. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. आईला एवढा आनंद झाला की तिने मशीन थांबवलं. म्हणाली, मग ठकीलाही तिथेच घालते, दोघी एकमेकींना धरून राहाल.
नको. ठकी नको.

९ सप्टेंबर
पाय उठत नाहीत. मान वळत नाही. चेहऱ्यावरचं हसू जात नाही, गाल ठणकतात— हात तेवढा चालतो, कारण मी लिहिताना दिसायला हवी. दार दिवसभर सताड उघडं असतं. त्याचंच जास्त रडू येतं, आणि तेही बाहेर पडत नाही.

११ सप्टेंबर
आल्या. आई आणि ठकी.
आईने उशीचा अभ्रा उलटून टीप पाहिली, कच्ची आहे म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. अगदी समोरून. रेक्टरबाईंना म्हणाली, माझी मोठीही अशीच आहे, फक्त तिचं तोंड मिनिटभर बंद नसतं, कुठे आहे ती? तासाला गेली आहे, असं त्यांनी सांगितलं. आई— अगं मी इथे—
आई ठकीचं नाव घालायला ऑफिसात गेली. रेक्टरबाईंनी दुसरी खुर्ची आणली. माझ्याशेजारी. ठकीला बसवलं. तिची वेणी पुढे घेतली. आता दाराबाहेर उभ्या आहेत.
ठकी वहीकडे बघते आहे. हळूच वाकली— चोरटी माझी— वाच, ठकी. अक्षर ओळख. मीच आहे.
ओळखलंस. आता ऊठ. आईला गाठ आणि दोघी पळा. मला ओढत बसू नकोस, माझे पाय आता भरीव— सोड माझा हात— ठकी, दार उघडं आहे, ऊठ ना— अशी हसतेस काय— ठकी, हसू नको, ऊ