समाधानचा मणी

शनिवार, ३० सप्टेंबर २००६

दसरा सोमवारी, सुट्टी. म्हणून लॅबमधली पूजा आजच उरकली. लेसर, मायक्रोस्कोप, कॉम्प्युटर — सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडू. बोटं अर्थात माझी; मुलगी मी एकटी! समाधान म्हणाला, "माझ्या टेबलावर नको हं. आमच्याकडे करत नाहीत." आणि चहाला गेला. मी त्याच्या सिरिंज पंपाला, काचेत पाणी ढकलणाऱ्या त्या यंत्राला, बोट लावलंच. त्याचं "नको" झोंबलं. त्याचं सगळंच झोंबतं मला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

जमलं. त्याला!

दोन वर्षं दोघं एकाच गोष्टीमागे आहोत. डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे मणी पाण्यात सोडायचे, ते पाणी काचेतल्या केसाएवढ्या वाटेने वाहू द्यायचं आणि लेसरच्या उजेडाने एक मणी जागच्या जागी धरायचा. माझे वाहून जातात. त्याचा आज हिरवा-पिवळा चमकत उभा राहिला! सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. "भाग्यश्री, शिक काहीतरी." बंगलोरच्या परिषदेला लॅबमधून एकच जण जाणार. झालं, ठरलंच.

घरी आई — "शेजारच्या पूर्णिमाला न्यायला हिंजवडीच्या कंपनीची गाडी दारात येते. तुझे मणी कुठवर आले?"

शुक्रवार, ६

मत्सर वाटतो. वाटतो! लिहून काही कमी झाला नाही.

सोमवार, ९

तो नसताना त्याचा व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. आमचे मणी गोल असतात. हा लांबट!

पूजेच्या ताटात चिमूटभर हळद उरली होती. पाण्यात कालवून मायक्रोस्कोपखाली धरली. तस्साच लांबट, तस्साच चमकणारा कण. माझ्याच बोटाची हळद, पंपावरून त्याच्या पाण्यात गेलेली!

एकटीच हसत सुटले. मग लक्षात आलं — सांगायचं तर ती कुणी लावली तेही सांगावं लागणार. नाहीच सांगत. जाऊ दे त्याला बंगलोरला. तिथे कुणीतरी विचारेलच, मणी असा कसा म्हणून. होऊ दे शोभा!

बुधवार, ११

त्याने परिषदेत लावायचं पोस्टर दाखवलं. "काही चुकलंय का बघ गं." "छान झालंय," म्हटलं.

गुरुवार, १२

त्यानेच सांगितलं. सगळ्यांसमोर. "सर, तो मणी नाही. हळद आहे. पोस्टर मागे घेतो."

सर कडाडले, "तुझ्या टेबलावर हळद आली कुठून?"

पंपावरचा पिवळा ठसा त्याने पाहिला असणारच. माझ्याकडे बघितलं, एकदाच. "माझ्या डब्यातली असेल, सर."

"लॅबमध्ये डबा खातोस? लाज वाटत नाही?"

तो मान खाली घालून उभा. मी तोंड उघडलं नाही.

शुक्रवार, १३

त्याच्या जागी बंगलोरला मी जातेय. समाधानने आज पंप स्वतः पुसला, मग विचारलं, "तिकीट काढलंस का?" — खरंच काळजीने! त्याचा मत्सर अजून वाटतो. आता तर जास्तच.