माझ्या आवाजाला येणारं पाडस

अण्णा, त्या सकाळी मी आधी वाट्या घासल्या. एकोणीस वाट्या, सगळ्या स्टीलच्या, ब्लीचच्या पाण्यात बुडवून मग गरम पाण्यानं विसळलेल्या. मग रताळी चिरली, खारींसाठी बारीक आणि मोठ्या जनावरांसाठी जाड. मोटारीखाली कवच फुटलेलं एक कासव होतं, त्याच्या टबातलं पाणी बदललं. पंख मोडलेल्या घुबडाच्या पिंजऱ्यावरची चादर न हलवता तळाचा खराब कागद ओढून काढला आणि नवा आत सरकवला. हे सगळं एक शब्दही न बोलता. जखमी रानटी जनावरांचा हा दवाखाना आहे, न्यू जर्सीत, माझ्या मुलाच्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि इथे जनावरांसमोर बोलायचं नाही असा नियम आहे. दारावर तसं लिहिलंय. आत आल्यावर देतात त्या नियमांच्या पुस्तकातही लिहिलंय: रानातल्या जनावराला माणसाचा आवाज म्हणजे मरणाची चाहूल, आणि ती चाहूल त्याला कळेनाशी झाली की ते जनावर रानात जगत नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते पुस्तक दोनदा वाचलं. समजलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

तुम्ही मला सातवीनंतर शाळेतून काढलंत. हेडमास्तर घरी आले होते, मी दाराआड उभी होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "गुरुजी, पोरीचा हात हलका आहे. जनावर हिच्या हाताखाली गप उभं राहतं. मला दवाखान्यात माणूस हवंय." तुम्ही माझं केलेलं कौतुक मी जन्मात तेवढंच ऐकलं, आणि ते माझी शाळा बंद करताना केलंत. सातवीपुढचं मी माझी मीच शिकले, वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून, आणि लग्नानंतर नवरा लायब्ररीतून पुस्तकं आणायचा ती वाचून. हे तुम्हाला कधी कळलं नाही, तुम्ही विचारलंही नाहीत. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. नवऱ्याला जाऊन चार. त्यानंतर मुलगा मला इकडे घेऊन आला.

गुरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर होतात, मलमपट्टी करणारे, पण तालुक्याला डॉक्टरपेक्षा तुमचं नाव जास्त. कारण तुमचं बोलणं. गाभण गाय असो की शिंग मोडलेली म्हैस, तुम्ही तिच्या कानाशी बोलत राहायचात. "हो गं माझी बाय, हो. झालं हं. उभी राहा माझी राणी." मला शिकवलंत तेही हेच. हात लावण्याआधी आवाज लावायचा. आवाज तुटू द्यायचा नाही. जनावराला कळलं पाहिजे की आपण कुठे आहोत. आणि घरी यायचात तेव्हा चपला काढल्यापासून अंथरुणावर पडेपर्यंत आईशी बोललेले शब्द बोटांवर मोजता यायचे: पाणी, वाढ, पुरे. मी किती वेळा मनात धरलं असेल की माझं शिंग मोडावं.

शिंगाचं म्हणते ते उगीच नाही. ती म्हैस आठवते तुम्हाला? दुपारची वेळ, लोखंडी खोड्यात तिला उभी केलेली, तुम्ही शिंगाच्या खुंटावर औषध लावताय आणि साखळी मी धरलेय. अकरा वर्षांची आहे मी, सुट्टीतली. म्हशीनं हिसका दिला आणि साखळी न् खोड्याचा दांडा यांच्यामध्ये माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट सापडलं. मी ओरडले, "अण्णा, माझं बोट!" तुम्ही वळलात आणि माझ्या कानाखाली दिलीत. "ए कार्टे, ओरडायचं नाही. जनावर बुजतं." मग परत म्हशीकडे वळून, त्याच श्वासात, "हो गं माझी बाय, काही नाही झालं." तिची पट्टी पुरी झाल्यावर तुम्ही माझं बोट सोडवलंत. ते वाकडंच राहिलं. त्या दिवसापासून मी ओरडलेले नाही, अण्णा. बाळंतपणात नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा बायका म्हणाल्या, किती धीराची आहे. तो धीर नव्हता. ती तुमची थप्पड होती.

तर जूनमध्ये आमच्याकडे हरणाचं एक पाडस आलं. रस्त्याच्या कडेला मेलेल्या आईजवळ बसलेलं, पुढचा पाय मोडलेला, अंगावर पांढरे ठिपके. पायाला फळी बांधायची होती. दवाखाना चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खुणेनं मला धरायला सांगितलं. धरलं. त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली असं धडधडत होतं की आता फुटेल. बाई पट्टी आणायला पलीकडे गेल्या, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हो रे बाळा, हो. झालं हं." त्यानं कान वळवले. धडधड कमी झाली. तुमचंच खरं, असं मला वाटलं. पुस्तक एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला, आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला. पुस्तकासाठी आयुष्यभर तुमच्याशी मनात भांडले ती मी.

पाडसांना दूध पाजतात ते लाकडी फळीच्या भोकांत बाटल्या अडकवून. आपण पडद्याआड उभं राहायचं, दिसायचं नाही, बोलायचं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ते काम माझ्याकडे. या पाडसाचा पाय बरा होईपर्यंत त्याला वेगळं ठेवलं होतं, आणि मी पडद्याआडून बोलायचे. आधी तुमचेच शब्द. मग माझे. आज घरी भेंडीची भाजी केली, कुणी खाल्ली नाही, हे सांगितलं. नवरा शेवटच्या दिवसांत उशीखाली चष्मा शोधत राहायचा आणि चष्मा डोळ्यांवरच असायचा, हे सांगितलं. घरी माझ्याशी कुणी वाईट वागत नाही. पण मुलगा दिवसभर मीटिंगमध्ये, सून ऑफिसात, नातवंडं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देऊन जिना चढून जातात. माझ्याशी जे बोलतात ते सगळं कामाचं. औषध घेतलंस का, गॅरेजचं दार लावलंस का. ऐकून घेणारं ते पाडस तेवढं होतं. मी बोलू लागले की त्याचं चोखणं संथ व्हायचं. ते मोठ्या कुंपणात जाईपर्यंत हे चाललं.

सप्टेंबरात सोडण्याची वेळ आली. पाय जुळला होता, ठिपके पुसले गेले होते, ते बाकीच्या चार पाडसांबरोबर मोठ्या कुंपणात राहत होतं. त्या सकाळी, वाट्या-रताळी आटोपल्यावर, बाईंनी परीक्षा घेतली. सरळ कुंपणात शिरल्या, हाक मारली, टाळ्या वाजवल्या. पाचही पाडसं शेपट्या वर करून झाडीत पळाली. बाई खूश. "शुक्रवारी सोडू," म्हणाल्या आणि कागद करायला आत गेल्या. मी कुंपणापाशी एकटीच. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सून. मी म्हटलं, "हो गं, झालंच माझं, दहा मिनिटांनी ये." फोन ठेवून वर बघते तर ते पाडस जाळीशी उभं. कान माझ्याकडे. त्यानं नाक जाळीतून बाहेर काढलं आणि माझ्या वाकड्या बोटाला लावलं.

सोडायची जागा कुठली तर आपल्याच लोकांच्या टाउनहाउसमागची झाडी. तिच्या कडेनं रस्ता जातो. संध्याकाळी तिथे काकूमंडळी वॉकला निघतात, फोनवर पुण्याच्या बहिणीशी मोठमोठ्यानं बोलत. इंग्रजी कानावर पडलं तर ते पळेल. मराठी ऐकून ते रस्त्यावर येईल. मला जाळीशी उभ्या उभ्याच त्या रस्त्यावरच्या गाडीचा ब्रेक ऐकू आला. काही न बोलता घरी जाता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मी आत गेले.

"आय टॉक टू हिम," मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती वेळा?"

"एव्हरी टाइम."

"नियम वाचला नव्हतास?"

"रेड. टू टाइम्स."

त्यांनी पाडसाच्या सुटकेचा कागद बाजूला सारला. मग इंग्रजीत हळूहळू, मला कळेल असं, म्हणाल्या की असं जनावर सोडता येत नाही, त्याला मरणाचं इंजेक्शन द्यावं लागतं.  त्यांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली. म्हणाल्या, दोन आठवडे थांबते. त्याला तुझी भीती वाटायला हवी. माझ्या ओरडण्याचा उपयोग नाही, मला ते भितंच. तूच, तुझ्याच आवाजात, तुझ्याच भाषेत. त्याला नेहमीसारखं बोलाव आणि आलं की घाबरव. मग विचारलं, "तुझ्या भाषेत शिव्या आहेत ना?"

"मेनी," मी म्हटलं.

गाडीत सुनेला सांगितलं तर ती आधी हसलीच. "तुम्ही ओरडणार, आई? तुम्ही तर डोरबेलसुद्धा घाबरत वाजवता." माझा चेहरा पाहून तिनं गाडीतलं गाणं बंद केलं. जेवताना मुलगा म्हणाला, "आई, इट्स अ डिअर. आपले ट्यूलिप कोण खातं?" सून त्याला म्हणाली, "तू जेव रे." मग माझ्याकडे वळून, "मोठी परात काढून ठेवते. वाजवायला."

मला तुमचा राग येतो, अण्णा. वाकड्या बोटाचा नाही, शाळेचाही आता तितका नाही. तुमच्याकडे इतका गोड आवाज होता याचा येतो. तो आमच्यासाठी कधी काढला नाहीत, आणि मला दिलात तो असा, की ज्याला लावला त्याचंच मरण ओढवलं. गाईगुरांना तो चालायचा, कारण ती माणसाच्या दावणीलाच राहणार होती. दावणीला न राहणारंही कुणी असतं, हे तुम्हाला सुचलंच नाही. काही लोक म्हणतील, बाप रागावतो तो पोरांना जगासाठी तयार करायला. मी हे पाडसासाठी करतेय म्हणून मलाही ते आता पटेल, असं त्यांना वाटेल. नाही पटत. तुम्ही मला कुठे सोडणार नव्हतात. तुम्हाला फक्त म्हैस उभी राहायला हवी होती.

दोन आठवड्यांतले पाच दिवस गेले. पुढचं मला माहीत नाही. हे पत्र मी खाण्याच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलंय आणि नियमांच्या पुस्तकात घालून ठेवणार आहे. एक मात्र कबूल करते. ओरडायला काय शब्द वापरायचे ते मी गाडीत ठरवत होते, तुमचीच शिवी निवडली होती, आणि ऐन वेळी ती आली नाही.

बाईंना सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात आणि पळी घेऊन कुंपणात शिरले. "ये रे बाळा, ये," म्हटलं. ते झाडीतून आलं आणि माझ्या हाताला नाक लावलं. मग मी ओरडले, "अण्णा, माझं बोट!" आणि ते पार मागच्या जाळीपर्यंत पळालं, तरी मी परात बडवत राहिले.